आईचे आठ, पोरांचे सहा : नववी ‘ब’च्या जीवशास्त्र प्रकल्पाच्या नोंदी

24 जून
नववी ‘ब’, हजर 37. अनेरच्या काठावरचं गाव, नदीपलीकडे शिरपूर तालुका, उत्तरेला सातपुडा. अर्ध्या वर्गाच्या घरी अहिराणी, दहाबारा मुलं पाड्यांवरून येणारी, पावरा आदिवासी. माझं मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात मागचा बाक हसतो, दरवर्षीचंच.

यंदा प्रकल्प वर्षभराचा. गावातले प्राणी नोंदवायचे, त्यांचं वर्गीकरण करायचं आणि जोडीला आनुवंशिक लक्षणांचा भाग. ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने ती समिती नेमून करायची असते. आमच्या गावची कपाटात आहे, उघडलेली फारशी दिसत नाही. ग्रामसेवक म्हणाले, मुलांनी भर घातली तर घेऊ. तेवढं पुरे.

आज पुस्तक मिटवून ठेवलं. साठ चिठ्ठ्यांवर साठ प्राणी, चार गट, आणि सूचना एकच: मनाला येतील तसे ढीग करा. पहिल्या गटाने चावणारे आणि न चावणारे केले. दुसऱ्याने खाण्याजोगे आणि नाही ते (घोरपडीची चिठ्ठी कुठल्या ढिगात गेली ते मी मुद्दाम पाहिलं नाही). तिसऱ्याने शेतकऱ्याचे दोस्त आणि वैरी. चौथ्या गटाने मात्र रक्त असलेले आणि रक्त नसलेले असे ढीग केले. का, तर झुरळ चिरडलं की लाल काही निघत नाही, पांढरट निघतं. सुमारे साडेतेवीसशे वर्षांपूर्वी अ‍ॅरिस्टॉटलने प्राण्यांची हीच वाटणी केली होती, हे सांगितल्यावर त्या बाकाची कॉलर ताठ झाली. गांडूळ त्यांनी ‘रक्त नसलेले’ मध्ये टाकलंय. मी काही बोलले नाही.

26 जून
शेणखताच्या ढिगातून गांडूळ आणलं. काचेवर ठेवून खालून मोबाईलची बॅटरी धरली. पाठीतून एक लाल रेघ आरपार दिसते आणि ती थांबून थांबून पुढे सरकते. रक्तच ते, हिमोग्लोबिन असलेलं. चौथ्या गटाने चिठ्ठी मुकाट्याने उचलली, गाय आणि माणसाच्या ढिगात ठेवली आणि पाच मिनिटं त्या ढिगाकडे बघत बसले. शेवटी एकजण म्हणाला, “मॅडम, हे ढीग काही बरोबर नाहीत.” मग पुस्तक उघडलं. पाठीचा कणा आहे की नाही, शरीर वलयांचं आहे की नाही, पाय सांध्यांचे आहेत की नाही. आजच्या तासाला पुस्तक उघडायला कुणी कुरकुर केली नाही.

1 जुलै
पहिला जोराचा पाऊस. वऱ्हांड्यात वाणी किड्यांची रांग. निम्म्या वर्गाच्या मते हीच गोम. एक वाणी बशीत घेतली, ती गुंडाळून पैसा झाली, मग बराच वेळ थांबावं लागलं. उलगडल्यावर भिंगातून पाहिलं: पुढची चारदोन वलयं सोडली तर प्रत्येक वलयाला पायांच्या दोन जोड्या. दुपारी गोम कौलाखाली सापडली, ती झाकणाच्या बाटलीतच पाहिली. वलयाला एकच जोडी, आणि पहिली जोडी तर पाय राहिलेलीच नाही, विषाची नांगी झालीय. दोन्ही संधिपाद, पण वर्ग वेगळे. ‘पाय मोजा’ हा आमच्या प्रकल्पाचा मंत्र झाला. कोळी आठ, म्हणून कीटक नाही. मुंगी सहा. खेकड्याचे नांग्या धरून दहा. भिंतीवरच्या तक्त्यात संधिपादांच्या खाली आम्ही सरळ पायांच्या संख्येनेच खाने आखले. फार सुटसुटीत दिसतो तक्ता.

15 जुलै
आनुवंशिकतेचा भाग सुरू. माझ्याकडच्या एका जुन्या उपक्रम-पुस्तिकेतला तक्ता झेरॉक्स करून वाटला. जीभ पन्हळीसारखी वळते का? कानाची पाळी मोकळी की चिकटलेली? अंगठा मागे किती वळतो? स्वतःचं, आईचं, वडिलांचं, भावंडांचं लिहून आणायचं, सोमवारपर्यंत. मुलं भलतीच खूश. मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या काचेसमोर जिभा काढून रांग लागली होती. शिपाईमामा वैतागले.

22 जुलै
आज चूक झाली. माझी.

तक्ते गोळा करून फळ्यावर मांडत होते. पुस्तिकेत लिहिलेलं होतं की जीभ वळणं हे प्रभावी लक्षण, म्हणजे आईवडील दोघांची वळत नसेल तर मुलाची वळणार नाही. दुसऱ्या बाकावरच्या मुलीचा तक्ता: स्वतः हो, आई नाही, वडील नाही. मी पुढच्या तक्त्याकडे वळणार, तोच पुढचं वाचून आलेला एक हुशार पोरगा मोठ्याने म्हणाला, “मग ही त्यांची नाहीच!” वर्ग हसला. मी ओरडले, पण हसू आधी पोचलं होतं. तास संपला तेव्हा ती खाली मान घालून वहीवर चौकोन काढत होती.

24 जुलै
ती दोन दिवस आली नाही. शाळा सुटल्यावर घरी गेले. आजी ओट्यावर कपाशीच्या पराट्या मोडत बसली होती. आईने चहा टाकला, एक शब्द नाही. वडील वाडीत. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. आजीने माझ्याकडे न बघताच विचारलं, “बाई, पोर आमनीच शे. कागदले काय समजस?”

उत्तर नव्हतं माझ्याकडे. खरं तर कागदच चुकीचा होता, आणि तो मी न तपासता वाटला. रात्री बसून वाचलं, जे 15 तारखेच्या आधी वाचायला हवं होतं. जीभ वळण्याचं हे मत 1940 मध्ये अल्फ्रेड स्टर्टेव्हंट या नावाजलेल्या आनुवंशिकीतज्ज्ञाने मांडलं. 1952 मध्ये हुबेहूब जुळ्यांच्या 33 जोड्या तपासल्या गेल्या. त्यातल्या 7 जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही. एकाच फलित अंड्यातून आलेली, जनुकं तीच, तरी! स्टर्टेव्हंटने स्वतःच पुढे 1965 मध्ये लिहिलं की हे उदाहरण अजून पक्कं म्हणून छापलेलं पाहून लाज वाटते. त्यालाही साठ वर्षं होत आली. आमच्या पुस्तिकेपर्यंत पोचलेलं नाही.

26 जुलै
ती आली. मी आधी तिच्या आईला निरोप दिला होता की आज वर्गात काय सांगणार आहे.

फळ्यावर जुळ्यांचा हिशेब मांडला. पुस्तिका चूक, मी चूक, आणि घरच्या माणसांचे तक्ते मागवणं ही तर त्याहून मोठी चूक. ते सगळे कागद ज्याचे त्याला परत दिले, कुणाचा कुणी पाहायचा नाही. तो हुशार पोरगा उठून तिला काहीतरी पुटपुटला. ऐकू आलं नाही, तिने मान हलवली.

मग फक्त वर्गापुरतं पाहिलं. 15 तारखेला ज्यांची जीभ वळत नव्हती त्यांपैकी तिघांची आता वळते. काचेसमोरचा आठवड्याचा सराव! आणि कानाच्या पाळ्या: दोन गटांनी एकमेकांना न सांगता तेच 37 जण तपासले. एका गटाला चिकटलेल्या पाळ्या 14 मिळाल्या, दुसऱ्याला 19. कान तेच. काहींची पाळी पूर्ण सुटी, काहींची थेट गालाला, आणि मधले सगळे मधलेच. दोन खाने आम्ही आखले होते, कानांनी नाही. हे वाक्य माझं नाही, दुसऱ्या बाकावरून आलं.

13 ऑगस्ट
काल कानबाईचं, आमच्या खान्देशातल्या देवीचं, विसर्जन. घरोघर अजून रोटांचा प्रसाद चालू असल्यामुळे हजेरी 16. नवीन काही शिकवण्यात अर्थ नव्हता. गटांच्या बाटल्या आवरायला काढल्या आणि डोकं फिरलं. अकरा बाटल्या, लेबल चारांवर. एका लेबलवर नुसतंच ‘किडा’.

म्हणून रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. गोष्ट आपल्याच खान्देशातली. ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्याने 1873 मध्ये या घुबडाचं वर्णन केलं, त्याला वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मानून हेटेरोग्लॉक्स नाव दिलं. 1884 पर्यंत मोजून सात नमुने संग्रहालयांत गेले, त्यातले काही शहादा-तळोद्याकडचे. नंतर पक्षी गायबच. फक्त मायनर्त्सहागेन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने सांगितलं होतं की मी 1914 मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला एक मारला. लोक तिकडे शोधत राहिले. पुढे पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी त्याच्या नमुन्यांची छाननी केली तेव्हा कळलं की त्याने संग्रहालयातला जुनाच पक्षी चोरला होता, कातडं नव्याने भरलं होतं आणि खोटं लेबल लावलं होतं. मग त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या, खऱ्या लेबलांवरच्या जागी आले. 25 नोव्हेंबर 1997, सकाळची वेळ, शहाद्याजवळचं सातपुड्याच्या पायथ्याचं रान. झाडाच्या उघड्या फांदीवर तो बसलेला. 113 वर्षांनी.

नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, पंख-शेपटीवर जाड पट्टे, आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो. पुढे जनुकं तपासल्यावर ह्यूमची वेगळी प्रजातीही टिकली नाही. तो पिंगळ्याच्याच अथीन प्रजातीत बसतो असं दिसलं.

पाड्यावरची एक मुलगी म्हणाली, आमच्या सागाच्या पट्ट्यात एक दिवसाच बसतो, डोकं हलवत. वहीत लिहिलं: ‘पाहणाऱ्याचं सांगणं, खात्री बाकी’. तारीख, जागा, वेळ, झाड, पाहणाऱ्याचं नाव, सगळं घेतलं. बाटल्यांची लेबलं दुपारपर्यंत पूर्ण. ‘किडा’चा भुंगेरा झाला.

3 सप्टेंबर
काल पोळा. शेवटच्या बाकावरच्या पोराने काडेपेटी आणली. खांदेमळणीला बैलं धुताना कानामागून, कांबळीखालून काढलेल्या गोचिडी. रक्त पिऊन फुगलेली एक तर एरंडीच्या बीएवढी, राखाडी, चकचकीत, जणू पाय चिकटवलेला खडा. सगळ्यांना हात लावायला बंदी, फक्त चिमटा. गोचीडतापाने बैल कसा झिजतो हे वर्गात निम्म्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

पाय मोजले: आठ. म्हणून कीटक नाही, कोळी-विंचवांच्या वर्गात. चिठ्ठी आठ पायांच्या खान्यात. पोराने विचारलं, ही ठेवू का? इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत टाकली, तोंडाला कापसाचा बोळा, ती बाटली पाणी भरलेल्या बशीत. म्हणजे काही निघालंच तर पाण्यात. लेबल त्याने न सांगता लावलं.

9 सप्टेंबर
गोचिडीने अंडी घातली! तोंडाजवळ तपकिरी साबुदाण्यासारखा ढीग, साबुदाण्याहून कितीतरी बारीक, आणि ती अजून एकेक अंडं पुढे ढकलतेच आहे. अशी एक मादी दोन-तीन हजार अंडी घालू शकते. गणपतीच्या गडबडीतही ‘गोचीड गट’ (आता हेच नाव) दोनदा येऊन बघून गेला. मोजायचा प्रयत्न केला, 300 च्या पुढे भांडण झालं.

14 सप्टेंबर
मादी मेली, सुरकुतली. अंडी तशीच.

20 सप्टेंबर
पाऊस उघडला म्हणून शेजारच्या केळीच्या बागेत नेलं. आनुवंशिकतेवर शेवटी माणसं सोडून बोलावं म्हटलं, आणि खान्देशात केळीशिवाय दुसरं काय! मालकाने स्वतःहून घड दाखवला, वर दोन फण्या कापून दिल्या.

पिकलेलं केळ आडवं कापलं. मधोमध तीन खाने आणि त्यात बारीक काळे ठिपके. ते बी व्हायला निघालेलं आणि न झालेलं. रानकेळीच्या फळात खरंखुरं बी असतं, दगडासारखं. आपल्या जी-नाईन वाणात गुणसूत्रांचे तीन संच आहेत, 11 तिक 33. बी धरण्याआधी गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. तिघांच्या जोड्या कशा लावणार? म्हणून बी नाही. रोप येतं ते बुंध्याशेजारच्या पिलापासून, नाहीतर टिश्यू कल्चरच्या प्लॅस्टिक ट्रेमधून.

“मॅडम, मग केळले बाप नहीच का?” सगळे हसले, पण प्रश्न नेमका होता. पिलबागेतलं पील ही आईच आहे, पुन्हा. बी नाही म्हणजे सरमिसळ नाही, सरमिसळ नाही म्हणजे भेद नाही. मालकांनीच पुढचं सांगितलं: व्हायरस आला त्या वर्षी झाडं उपटून बांधावर टाकली, एकाला लागलं की सगळ्यांनाच लागतं, कुणाच्यात वेगळी ताकद नसते. मी ग्रोस मिशेलचं सांगितलं. एके काळी निर्यातीच्या बाजारातलं मोठं वाण ते. पनामा मर रोगाने 1950-60 च्या सुमारास मध्य अमेरिकेतले त्याचे मळे उद्ध्वस्त केले आणि त्याच्या जागी आलं ते आपल्या जी-नाईनच्याच कुळातलं, कॅव्हेंडिश. मालक म्हणाले, “अन् आता आपुन बी एकच वाण लावून बसलोत.” ते बराच वेळ बागेकडे बघत उभे होते. मुलं केळी खात होती.

(भरताच्या वांग्याचं काय, असं एका मुलीने विचारलं. त्याला बी असतं, फुलात परागीभवन होतं, म्हणून एकाच घरच्या बियाण्यातही थोडं इकडेतिकडे होतं. 2016 मध्ये जळगावच्या केळीला आणि भरीताच्या वांग्याला, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. तुलनेचा छान विषय, पण वेळ नाही. पुढच्या वर्षी.)

4 ऑक्टोबर
सकाळी प्रार्थनेआधी पोरगा धावत आला. “मॅडम, निघाली!”

बाटलीच्या काचेवर, वरच्या अंगाला, तपकिरी धुळीचा एक डाग. भिंग लावलं तर डाग चालतोय. कापसावर हळूच फुंकर मारली की पुढचे पाय सगळ्यांचे एकदम वर, हवेत चाचपडत. श्वासाचा, उबेचा वास घेणारं इंद्रिय गोचिडीच्या पुढच्या पायांत असतं. नुकतीच जन्मलेली, कधी बैल न पाहिलेली ती धूळ बैलाला शोधत होती. दोन मुली मागे सरकल्या. मलाही जरा शहारलं.

चारपाच सॅनिटायझरच्या थेंबात मारून काचपट्टीवर घेतल्या. सूक्ष्मदर्शकाचा आरसा दोन वर्षांपूर्वी फुटलाय, मोबाईलची बॅटरी चालते. पहिला नंबर अर्थात त्याचा. बघतोय, बघतोय. मग डोळा न काढता म्हणाला, “सहा.”

नीट मोज.

“सहाच आहेत. सगळ्यांना सहा. मॅडम, आईचे आठ, पोरांचे सहा!”

रांगेने 34 जणांनी पाहिलं. सहा. कुणीतरी म्हणालं, बाटलीत दुसरं काहीतरी शिरलं असेल. गोचीड गट चवताळला: लेबल वाच, बोळा बघ, बशीतलं पाणी बघ. कुणी म्हणालं, मग ती कीटक. मग आई कोळी आणि पोरं कीटक? तक्त्यापुढे चिठ्ठी हातात घेऊन पोरगा उभा. सहाच्या खान्यात नेतो, परत आठच्या खान्यात आणतो. मी खुर्चीत बसून राहिले. असा तास वर्षातून एखादाच येतो, त्यात शिक्षकाने तोंड उघडू नये.

शेवटी दुसऱ्या बाकावरून ती उठली. म्हणाली, “पोर आईसारखी दिसली नाही म्हणून काय झालं, अंडी तर आपल्यासमोर घातली ना?”

वर्गात एकदम शांतता. कुणी हसलं नाही.

मग मी एवढंच जोडलं: ही पिल्लं रक्त पितील, कात टाकतील, आणि कातेतून निघताना चौथी जोडी घेऊन निघतील. आठ पायांचा आराखडा अंड्यातच आहे, दिसायला वेळ लागतो. जसं बेडकाच्या पिल्लाला आधी शेपूट. तक्त्यातल्या ‘सहा पाय’ या खान्याचं नाव पोरांनी खोडलं आणि ‘कीटक: डोकं, छाती, पोट वेगळं दिसतं, मोठेपणी पाय सहा’ असं लिहिलं. अक्षर वाकडं, जागा पुरली नाही, शेवटचे शब्द समासात गेले.

5 ऑक्टोबर
बाटली उकळत्या पाण्यात. अख्खी, बोळ्यासकट, दहा मिनिटं. दोघांना वाईट वाटलं. ज्याच्या घरी चार बैल आहेत त्याला अजिबात नाही. सहा पायांच्या दोन काचपट्ट्या आणि मेलेली आई ठेवली.

18 नोव्हेंबर
दिवाळीनंतरचा पहिला तास. सिकलसेल. हा विषय पाड्यावरच्या मुलांच्या घरातला आहे, तपासणीची गाडी येऊन गेलेली, कार्डं मिळालेली. जुलैतलं आठवून आधीच सांगितलं: कुणाच्या कार्डावर काय आहे ते इथे विचारायचं नाही, सांगायचंही नाही.

इथे मात्र पुस्तकातला सरळ नियम खरोखर चालतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच, पण प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. बिघडलेलं जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून आलं तर आजार. एकाकडूनच आलं तर वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो, उलट जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. मलेरियाच्या मुलखांत हे जनुक का टिकून राहिलं, त्याचं उत्तर यात आहे.

दोन डबे, प्रत्येकात 50 लाल आणि 50 पांढऱ्या चवळ्या. हे दोन वाहक आईबाप. डोळे मिटून प्रत्येक डब्यातून एक उचलायची, जोडी लिहायची, दाणे परत टाकायचे. चाळीस वेळा. लाल-लाल म्हणजे आजारी. पुस्तकाच्या हिशेबाने चाळिसात 10 यायला हव्यात. एका गटाला 9 मिळाल्या, दुसऱ्याला 13. तिसऱ्या गटाला पहिल्या तीन जोड्या ओळीने लाल-लाल आल्या आणि ते घाबरून थांबले.

घुबड सांगणारी मुलगी तासभर गप्प होती. घंटा झाल्यावर जवळ आली. “मॅडम, चारात एक म्हणता. पहिल्या तिघांना नसेल तर चौथ्याला असणारच का?” तिला परत डब्यांकडे नेलं. दाणे प्रत्येक वेळी परत टाकतो आपण, म्हणून डब्याला आधीचं काही आठवत नाही. प्रत्येक खेपेला चारात एकच. तिने स्वतः वीस वेळा काढल्या, लिहिल्या, कागद दप्तरात घातला. कुणासाठी विचारलं ते मी विचारलं नाही. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 2047 चं लक्ष्य आहे. गावपातळीवर ती मोहीम म्हणजे लग्नाआधी दोन कार्डं शेजारी ठेवून पाहणं. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, “आशाताईपण तेच सांगते.”

10 डिसेंबर
कपाशीची शेवटची वेचणी. फुटकी बोंडं आणली, आत गुलाबी अळी. बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी कपाशी, असून अळी कशी, हा प्रश्न घरोघरचा. बीटी कपाशी 2002 ला आली, दोन जनुकांची 2006 ला, आणि 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार केला. अळ्यांमध्ये विष पचवणाऱ्या थोड्या आधीपासून असणार. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच पिलावळ वाढली. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची नॉन-बीटी पुडी यायची, ती बांधाने लावायची ती यासाठीच. तिथे साध्या अळ्या जगाव्यात आणि त्यांच्या पतंगांचा विष पचवणाऱ्यांशी संकर व्हावा, म्हणजे विष पचवण्याची ताकद पसरत नाही. “आमच्या आबांनी ती पुडी फेकून दिली होती,” एकजण. मग दुसरा, मग चौघं. माझ्या वडिलांनीही फेकली होती, ते मी सांगून टाकलं.

6 जानेवारी
नोंदवही ग्रामपंचायतीत द्यायला गोचीड गट आणि दुसऱ्या बाकावरची ती, असे पाचजण घेऊन गेले. एकूण 112 प्राणी, प्रत्येकापुढे तारीख, जागा, पाहणारा. रानपिंगळ्यापुढे अजून ‘खात्री बाकी’च आहे. तिथे दोनदा जाऊन आलो, नेहमीचा ठिपक्यांचा पिंगळाच दिसला.

ग्रामसेवकांनी चष्मा लावला, पानं उलटली. मध्येच थांबले. “गोचीडपण लिहिलीत होय?”

“दोनदा लिहिलीय सर,” पोरगा म्हणाला, आणि खिशातून काचपट्टीची डबी काढून टेबलावर ठेवली. “भिंग आहे का तुमच्याकडे?”